चादरीच्या रंगातले वलय: बेंझीन दुहेरी बंध असूनही तसे का वागत नाही?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका डायहाऊसमध्ये मी बारावीच्या काही विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. चादरीचे सूत विणण्याआधीच रंगवतात, त्यामुळे हौदात सुताच्या लडी सोडल्या होत्या आणि पाण्यातून वाफ निघत होती. तिथले जुने रंगारी काका मुलांना म्हणाले, "मीठ टाकल्यावर रंग धाग्यात शिरतो, पण सोडा पडेपर्यंत तो बसत नाही. तोवर धुतला तर सगळा निघून येतो." परत आल्यावर मी फळ्यावर त्या रंगाच्या रेणूची रचना काढली. ती पाहून एका मुलीने विचारले, "सर, यात बेंझीनची एवढी वलये आहेत आणि प्रत्येकात तीन-तीन दुहेरी बंध आहेत. मग सोडा घातल्यावर धागा त्या वलयांना का जोडला जात नाही? टोकाच्या एवढ्याशा शेपटीलाच का जोडला जातो?"

प्रश्न अचूक होता. बेंझीनचा धडा शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला तो कुठे ना कुठे अडवतो, आणि पुस्तकातले "बेंझीन विशेष स्थिर असते" हे एका ओळीचे उत्तर पाठ होते पण पटत नाही. म्हणून ते इथे सुरुवातीपासून मांडतो.

दुहेरी बंध आणि समावेशन

कार्बनच्या अणूला चार हात असतात असे समजू. दोन कार्बननी एकमेकांचा एकेक हात धरला तर तो एकेरी बंध होतो आणि दोन-दोन हात धरले तर दुहेरी बंध होतो. दुहेरी बंधातला दुसरा हात पहिल्यापेक्षा सैल धरलेला असतो. बाहेरून ब्रोमीन, आयोडीन किंवा हायड्रोजन आला की दोन्ही कार्बन तो सैल हात सोडतात आणि एकेका पाहुण्याला धरतात. रेणूतून काही बाहेर जात नाही, दोन नवे अणू आत सामावले जातात. या प्रकाराला समावेशन अभिक्रिया म्हणतात.

ही अभिक्रिया सोलापूरच्या कोणत्याही स्वयंपाकघरातले तेल घेऊन दाखवता येते. परीक्षानळीत थोडे शेंगदाण्याचे तेल घ्यावे, त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकावेत आणि नळी किंचित कोमट करून हलवत राहावे. तांबूस रंग हळूहळू फिका होत जातो, कारण तेलाच्या लांब साखळीतले दुहेरी बंध आयोडीनला सामावून घेतात. याच बंधांवर निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन बसवला की तेल घट्ट होते आणि वनस्पती तूप तयार होते. दुहेरी बंध असला की समावेशन सहज होते, असा नियम आपल्या मनात इथे पक्का बसतो.

बेंझीनने घातलेले कोडे

लंडनमध्ये दिव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या वायूच्या टाक्यांत एक तेलकट द्रव साचत असे. 1825 मध्ये मायकेल फॅरडे यांनी त्यातून बेंझीन वेगळे काढले. त्याच्या रेणूत सहा कार्बन आणि फक्त सहा हायड्रोजन असतात. सहा कार्बनचा, पूर्ण भरलेला वलयाकार रेणू घेतला तर त्यात बारा हायड्रोजन बसतात. म्हणजे इथे सहा जागा रिकाम्या आहेत आणि हा पदार्थ समावेशनासाठी आतुर असायला हवा. 1865 मध्ये ऑगस्ट केकुले यांनी सहा कार्बनचे वलय आणि त्यात एकाआड एक दुहेरी बंध अशी रचना सुचवली, आणि कोडे आणखी गडद झाले. एका रेणूत तीन दुहेरी बंध आहेत, तरी तो ब्रोमीनच्या पाण्याला दाद देत नाही.

हा प्रयोग करताना मुलांची हमखास फसगत होते, आणि ती फसगत बोलकी आहे. बेंझीन विषारी असल्याने आता त्याच्या जागी त्याचाच भाऊबंद असलेले टोल्युईन वापरतात. ब्रोमीनच्या केशरी पाण्यात टोल्युईन घालून नळी हलवली की खालचे पाणी जवळजवळ रंगहीन होते. "सर, रंग गेला, समावेशन झाले!" असा गलका होतो. नळी उजेडासमोर न धरता मागे पांढरा कागद धरून पाहिले, तर वर तरंगणाऱ्या टोल्युईनच्या थरात तोच केशरी रंग, पूर्वीपेक्षा गडद, जाऊन बसलेला दिसतो. ब्रोमीनने फक्त थर बदललेला असतो, कारण ते पाण्यापेक्षा टोल्युईनमध्ये जास्त विरघळते. त्याची अभिक्रिया झालेलीच नसते. शेजारच्या नळीत तेल आणि ब्रोमीनचे पाणी घेतले तर रंग दोन्ही थरांतून नाहीसा होतो. या दोन नळ्या शेजारी ठेवून पाहिल्या की प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते.

सहा घरांचा वाडा

सहा बिऱ्हाडांचा एक जुना वाडा डोळ्यांसमोर आणावा. प्रत्येक बिऱ्हाडाने आपल्या वाट्याच्या जागेतला एकेक तुकडा मधल्या चौकासाठी सोडला आहे. त्यामुळे प्रत्येकाची स्वतःची जागा थोडी कमी झाली, पण मोबदल्यात सगळ्यांना अख्खा चौक मिळाला. वाळवण तिथे पडते, मुले तिथे खेळतात, मांडवही तिथेच पडतो. चौकाचा कोणता कोपरा कुणाचा, हे कुणी सांगू शकत नाही.

बेंझीनचे सहा कार्बन याच रीतीने राहतात. प्रत्येकाचे दोन हात दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांनी धरलेले असतात आणि एक हात बाहेरच्या हायड्रोजनने. चौथ्या हाताचा जो एकेक इलेक्ट्रॉन उरतो, तो कोणत्याही एका शेजाऱ्याला न देता सहाही जणांनी सामाईक ठेवलेला असतो. उपमेची मर्यादा एवढीच की वाड्याचा चौक मध्यभागी असतो, तर हा सहा इलेक्ट्रॉनांचा चौक वलयाच्या वर आणि खाली, दोन बांगड्या ठेवाव्यात तसा, गोल पसरलेला असतो. इलेक्ट्रॉनाला फिरायला जितकी जास्त जागा मिळते तितकी त्याची ऊर्जा कमी होते, आणि ऊर्जा कमी म्हणजे रेणू अधिक स्वस्थ. अशा सामाईक इलेक्ट्रॉनांच्या वलयामुळे मिळणाऱ्या स्वास्थ्याला ॲरोमॅटिक स्थिरता म्हणतात.

आता समावेशनाचा अर्थ काय होतो ते पाहू. दोन नवे पाहुणे ठेवून घेण्यासाठी दोन बिऱ्हाडांनी चौकातला आपापला वाटा परत मागायचा आणि तिथे भिंती घालायच्या. त्या दोघांना पाहुणे मिळतील, पण चौक सहाही जणांचा जाईल. शेंगदाण्याच्या तेलातल्या दुहेरी बंधाला असे काही गमवावे लागत नाही, कारण तो दोघांचाच व्यवहार असतो. बेंझीनला गमवावे लागते.

हा तोटा मोजता येतो का?

येतो, आणि मला या विषयातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. हायड्रोजनचे समावेशन होताना उष्णता बाहेर पडते. 1930 च्या दशकात जॉर्ज किस्त्याकोव्हस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्वर्डमध्ये ती फार काळजीपूर्वक मोजली. सहा कार्बनच्या वलयात एकच दुहेरी बंध असेल, तर एका मोलमागे सुमारे 120 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. मोल म्हणजे रेणू मोजायचे ठराविक माप, आणि बेंझीनच्या बाबतीत ते 78 ग्रॅम भरते. तीन दुहेरी बंध असतील तर तिप्पट, म्हणजे 360 किलोज्यूल बाहेर पडायला हवेत. प्रत्यक्षात बेंझीनमधून 208 किलोज्यूलच बाहेर पडतात. उरलेले सुमारे 150 किलोज्यूल गेले कुठे? ते बेंझीनकडे कधी नव्हतेच. केकुलेंच्या चित्रावरून आपण त्याला जितके वर धरले होते, त्यापेक्षा तो तितका खाली, स्वस्थ बसलेला होता.

150 किलोज्यूल म्हणजे किती, हे कळावे म्हणून एक हिशेब देतो. 28 अंशांचे अर्धा लिटर पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, साधारण तेवढी. वाटीभरही नसलेल्या 78 ग्रॅम द्रवाची ही बचत आहे.

याच आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. वलयात शेजारी-शेजारी दोन दुहेरी बंध असतील, तर हायड्रोजन पूर्ण भरताना सुमारे 232 किलोज्यूल बाहेर पडतात. तीन बंधांचे 208 आणि दोन बंधांचे 232, म्हणजे हायड्रोजनची पहिली जोडी बेंझीनवर बसवताना उष्णता बाहेर पडायच्या ऐवजी सुमारे 24 किलोज्यूल आतच ओतावी लागते. बाकी सगळीकडे उतार असणाऱ्या रस्त्यावर पहिलाच टप्पा चढाचा आहे. तो चढला की चौक मोडलेला असतो, पुढे भराभर उतार लागतो आणि उरलेले दोन बंध भरून जातात. म्हणून बेंझीनवर एकच जोडी बसवून थांबणे अवघड असते. वलय एक तर अखंड राहते किंवा पूर्ण भरून मोकळे होते.

"पण चित्रात तर तीन दुहेरी बंध काढतात"

हा आक्षेप योग्य आहे, आणि दोष चित्राचा आहे. कागदावर सामाईक इलेक्ट्रॉन दाखवायची सोय नसल्याने आपण ते जोडी-जोडीने वाटून टाकतो. प्रत्यक्षात तशी वाटणी असती, तर वलयात एक बाजू आखूड आणि एक लांब अशी रचना दिसली असती, कारण दुहेरी बंधाची लांबी सुमारे 134 पिकोमीटर असते आणि एकेरीची 154. पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख-कोटीवा भाग. 1929 मध्ये कॅथलीन लॉन्सडेल यांनी बेंझीनच्या एका स्फटिकरूप संबंधिताचा क्ष-किरणांनी अभ्यास केला आणि त्याचे वलय सपाट, सहाही बाजूंनी सारखे असल्याचे दाखवून दिले. बेंझीनमध्ये सहाही बंध सुमारे 139 पिकोमीटरचे असतात, दोन्हींच्या मधले.

बंध भराभर जागा बदलतात म्हणून सरासरी दिसते, असेही काही जण समजतात. जागा बदलणारे दुहेरी बंध तिथे नाहीतच. वाड्याचा चौक सकाळी एकाचा आणि दुपारी दुसऱ्याचा नसतो, तो सदासर्वकाळ सगळ्यांचा असतो. षटकोनाच्या आत गोल काढायची पद्धत म्हणूनच मला जास्त प्रामाणिक वाटते.

मग बेंझीनची अभिक्रिया होतच नाही का?

स्थिर म्हणजे निष्क्रिय, हा या धड्यातला सर्वांत मोठा गैरसमज आहे. लोखंडाचा कीस टाकून बेंझीनला ब्रोमीन दिले, तर अभिक्रिया व्यवस्थित होते आणि हायड्रोजन ब्रोमाईडचा झोंबणारा वायू बाहेर पडतो. या वायूतच उत्तर आहे. समावेशन झाले असते तर काहीच बाहेर आले नसते. इथे एक हायड्रोजन निघून गेला आणि त्याच्या जागी ब्रोमीन बसले. या अदलाबदलीला प्रतियोजन अभिक्रिया म्हणतात.

वाड्याच्या भाषेत, प्रत्येक बिऱ्हाडाच्या बाहेरच्या ओट्यावर एक भाडेकरू आहे, तो हायड्रोजन. नवा भाडेकरू आला, जुना गेला, चौकाला धक्का लागला नाही. हे बरेचसे खरे आहे, पण पूर्ण नाही, कारण मधे एक क्षण असा येतो की दोन्ही भाडेकरू एकाच ओट्यावर असतात. लोखंडामुळे ब्रोमीनचे एक टोक इलेक्ट्रॉनांसाठी कमालीचे भुकेले झालेले असते. ते चौकातले दोन इलेक्ट्रॉन ओढून एका कार्बनशी बंध जोडते. त्या क्षणी चौक तुटलेला असतो आणि उरलेल्या पाच कार्बनांवर धन प्रभार पसरलेला असतो.

इथून दोन वाटा फुटतात. एक वाट अशी की दुसरे ब्रोमीन शेजारच्या कार्बनवर येऊन बसेल. तसे झाले तर समावेशन पूर्ण होईल आणि चौक कायमचा जाईल. दुसरी वाट अशी की त्या ओट्यावरचा जुना हायड्रोजन आपले इलेक्ट्रॉन मागे ठेवून निघून जाईल आणि चौक पूर्ववत होईल. दुसऱ्या वाटेवर ते 150 किलोज्यूल परत मिळतात, म्हणून रेणू तीच वाट धरतो. तेलातल्या दुहेरी बंधाला मागे फिरून मिळवण्यासारखे काही नसते, म्हणून तो पुढे जाऊन समावेशन पुरे करतो. बेंझीन आणि साधा दुहेरी बंध यांच्यातला सगळा फरक या एका फाट्यावर ठरतो.

समावेशन कधीच घडत नाही?

घडते, पण त्यासाठी चढ चढवण्याची किंमत मोजावी लागते. निकेल किंवा प्लॅटिनमसारखा उत्प्रेरक, तापवलेले पात्र आणि दाबाखालचा हायड्रोजन वापरून कारखान्यांत बेंझीनचे सायक्लोहेक्झेन, म्हणजे हायड्रोजनने पूर्ण भरलेले सहा कार्बनचे वलय, करतात. नायलॉनचा कच्चा माल पुढे त्यातूनच बनतो.

दुसरे उदाहरण आपल्या जिल्ह्यातल्या वयस्क शेतकऱ्यांना नावाने ठाऊक असेल. पूर्वी पिकांवर जी बी.एच.सी. पावडर धुरळत, ते या समावेशनाचेच फळ होते. अतिनील प्रकाशात क्लोरीनचा रेणू फुटून सुटे अणू तयार होतात आणि ते एकेक करून वलयावर बसतात. सहा कार्बनांवर सहा क्लोरीन सामावले जातात आणि चौक पुरता नाहीसा होतो. बी.एच.सी. म्हणजे बेंझीन हेक्झाक्लोराईड, पण नाव तसे असले तरी त्या पावडरीत बेंझीनचे वलय उरलेलेच नसते. मातीत आणि प्राण्यांच्या चरबीत वर्षानुवर्षे साठून राहत असल्याने 1997 मध्ये भारतात तिच्यावर बंदी आली.

प्रत्येक वलय असेच असते का?

नाही. एकाआड एक दुहेरी बंध असलेले आठ कार्बनचे वलय 1911 मध्ये रिखार्ड विलश्टेटर यांनी तयार केले, तेव्हा तेही बेंझीनसारखे वागेल अशी अपेक्षा होती. त्याने ब्रोमीनला साध्या दुहेरी बंधासारखे सामावून घेतले. हे वलय सपाटसुद्धा राहत नाही, घमेल्यासारखे वाकते. 1931 मध्ये एरिख ह्युकेल यांनी कारण सांगितले. सामाईक इलेक्ट्रॉनांची संख्या 2, 6, 10, 14 अशी असेल तरच चौक लाभाचा ठरतो. 4 किंवा 8 असेल तर लाभ होत नाही, कारण इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेच्या पायऱ्या पूर्ण भरत नाहीत, वरची पायरी अर्धवट राहते.

चादरींच्या ट्रंकेत ठेवण्याच्या जुन्या डांबरगोळ्या नॅफ्थलीनच्या असतात. त्यात दोन वलये एका बाजूने जोडलेली असतात आणि सामाईक इलेक्ट्रॉन 10 असतात. दोन्ही वलयांची मिळून बचत बेंझीनच्या दुपटीपेक्षा थोडी कमी भरते, त्यामुळे एका वलयावर समावेशन करणे बेंझीनपेक्षा सोपे जाते. एक वलय गेले तरी दुसरे अखंड राहते.

ॲरोमॅटिक या शब्दाचा मूळ अर्थ सुगंधी असला, तरी आता त्याचा वासाशी संबंध राहिलेला नाही. देवापुढचा कापूर घमघमतो, पण तो ॲरोमॅटिक नाही.

पुन्हा डायहाऊसमध्ये

सुती कापडासाठी जगभर वापरला जाणारा रिॲक्टिव्ह ब्लॅक 5 हा रंग घेऊ. त्याच्या रेणूच्या मध्यभागी नॅफ्थलीनचे दुहेरी वलय, दोन्ही बाजूंना एकेक बेंझीनचे वलय आणि त्यांना जोडणारे नायट्रोजनच्या जोडीचे दोन पूल असतात. या पुलांना ॲझो बंध म्हणतात. एकट्या बेंझीनचा चौक लहान असतो, तो फक्त अतिनील प्रकाश शोषतो आणि म्हणून रंगहीन दिसतो. पुलांमुळे सगळे चौक एकमेकांत उघडतात, इलेक्ट्रॉनांचे अंगण मोठे होते आणि ते डोळ्याला दिसणारा प्रकाश शोषू लागते. रंग दिसतो तो यामुळे.

रेणूच्या दोन्ही टोकांना एकेक शेपटी असते. हौदात आधी मीठ पडते, तेव्हा रेणू पाण्यातून धाग्याच्या आत सरकतो. सोडा ॲश पडला की दोन गोष्टी होतात. शेपटीतला एक भाग गळून तिथे नवा दुहेरी बंध तयार होतो, आणि सुतातल्या सेल्युलोजच्या काही ऑक्सिजनांवर ऋण प्रभार येतो. या दुहेरी बंधाला लागूनच गंधक आणि ऑक्सिजन यांचा गट असतो. तो इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, त्यामुळे बंधाचे टोक इलेक्ट्रॉनांसाठी भुकेले असते. सेल्युलोजचा ऑक्सिजन त्यालाच जाऊन धरतो. हे समावेशन आहे, शेंगदाण्याच्या तेलातल्यासारखेच दोघांपुरते, ज्यात कोणताही चौक मोडत नाही. वलयांकडे मात्र आधीच इलेक्ट्रॉनांची रेलचेल असते, आणि तिथे जोडले जायचे तर चौक मोडावा लागला असता. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. काकांचा रंग "बसतो" तो शेपटीने, आणि दिसतो तो वलयांमुळे.

टिकाऊपणाची दुसरी बाजू

सोडा पडल्यावर शेपटीसाठी धाग्याबरोबर पाणीही स्पर्धेत असते. ज्या रेणूंच्या शेपटीला पाणी जोडले गेले ते धाग्याला कधीच जोडले जाणार नाहीत. गरम साबणाच्या पाण्यात केलेल्या सोपिंगमध्ये ते सुटून सांडपाण्यात जातात. ज्या स्थिरतेमुळे चादर वर्षानुवर्षे धुऊनही रंग टिकतो, त्याच स्थिरतेमुळे नाल्यातला रंगही सहजी नाहीसा होत नाही.

स्थिर म्हणजे निरुपद्रवी, असेही मानू नये. श्वासातून शरीरात गेलेल्या बेंझीनवर यकृतातली विकरे ऑक्सिजन चढवतात, आणि त्यातून तयार होणारे पदार्थ हाडांतल्या मगजाला इजा करून रक्ताचा कर्करोग घडवू शकतात. पेट्रोलमध्ये बेंझीनचे प्रमाण आज 1 टक्क्याच्या आत ठेवण्याचे बंधन त्यासाठीच आहे.

सांडपाण्यातल्या वलयांना मोडणारे कोणी आहे का, असे मुलांनी मला त्या दिवशी शेवटी विचारले. आहेत. हवा नसलेल्या टाकीत जिवाणू आधी ॲझो पूल तोडतात आणि रंग जातो, पण वलये तशीच शिल्लक राहतात. म्हणून पाणी रंगहीन झाले म्हणजे शुद्ध झाले, असे समजता येत नाही. त्यानंतर भरपूर हवा खेळवलेल्या टाकीत दुसऱ्या जातीचे जिवाणू काम करतात. त्यांची लोहयुक्त विकरे हवेतल्या ऑक्सिजनचे दोन्ही अणू वलयातल्या शेजारच्या दोन कार्बनांवर बसवतात. ब्रोमीनच्या पाण्याला जे साधत नाही ते समावेशन ही विकरे साध्या तापमानाला करतात, आणि पुढच्या काही पायऱ्यांत वलय उघडून त्याची सरळ साखळी होते. रंगाच्या रेणूला विद्राव्य करण्यासाठी जोडलेले गंधकाचे गट वलयावर असले की मात्र या जिवाणूंचे काम फार मंदावते, आणि रिॲक्टिव्ह रंगांत ते गट जवळजवळ नेहमीच असतात.